काल चालणारा बिल्ड आज का रुसला? (मेव्हन, एक्सेल आणि देवगडातला पाऊस)

खाडीकाठ | ९ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मदत हवी आहे. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी जामसंड्याचा. नोकरी पुण्याची, काम घरून. ही भानगड मात्र ऑफिसची नाही, वाडीतली आहे. आमच्याकडच्या सात बागायतदारांसाठी मी जावात एक छोटं ॲप लिहून ठेवलंय. कुठल्या तारखेला किती पेट्या वाशीला गेल्या, दलालाची पट्टी किती आली, भाडं, हमाली, तोलाई, कमिशन कापून हातात काय पडलं, एवढंच. सीझनभर आकडे भरायचे आणि मृग लागला की ज्याची त्याला एक्सेल फाइल काढून द्यायची. एक्सेलसाठी अपाची पीओआय ५.२.५ ही लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) आहे, लायब्ऱ्या उतरवून ॲप बांधायला, म्हणजे बिल्ड करायला, मेव्हन ३.९, जावा १७.

गेल्या जूनमध्ये सगळ्यांना फायली दिल्या, काही अडलं नाही. आज बिल्ड केला, सक्सेस आला. ॲप उघडलं, आकडे दिसले. 'एक्सेल काढा' दाबलं आणि हे:

नो-सच-मेथड-एरर: कॉमन्स आयओ लायब्ररीमधल्या 'अनसिंक्रोनाइज्ड बाइट ॲरे आउटपुट स्ट्रीम' या क्लासला 'बिल्डर' नावाची मेथड नाही.

या क्लासचं नाव मी जन्मात कधी घेतलेलं नाही. कोडची एक ओळ बदललेली नाही. एकाही लायब्ररीचं व्हर्जन बदललेलं नाही.

नेटवर शोधलं तर दर दुसरा माणूस सांगतो, एम-टू फोल्डरातली लोकल रेपॉजिटरी (मेव्हनने उतरवलेल्या लायब्ऱ्यांचा साठा) उडवा आणि पुन्हा बिल्ड करा. उडवली. डाउनलोड सुरू झालं, साधारण चाळीस टक्के झालं असेल, आणि खाडीपलीकडे वीज कडाडली. नेट गेलं ते अजून नाही. हे मोबाइलवरून, पडवीच्या एका कोपऱ्यात उभा राहून लिहितोय, तिथेच एक काडी रेंज येते.

म्हणजे मघाशी बिल्ड तरी होत होता, आता तोही होत नाही. शेजारच्या काकांना परवा फाइल द्यायचं कबूल केलंय.

जुनाखलाशी | १० जून, सकाळी ६:१०

मेल्या, एम-टू कित्याक उडवलंस? घरात उंदीर शिरलो म्हणान कोण कौलां काढता काय? आणि ता पण पावसाच्या तोंडार!

रातांबा | १० जून, सकाळी ८:३५

खलाशीकाकांशी सहमत, पण धागाकर्त्याला दोष देत नाही. हा सल्ला मेव्हन जगतात काढ्यासारखा चालतो. ताप असो, पोटदुखी असो, एकच काढा.

खाडीकाठ, एम-टू उडवून तुमचा मूळ एरर जाणारच नव्हता. लोकल रेपो म्हणजे नुसतं कोठार. कुठल्या लायब्ररीचं कुठलं व्हर्जन घ्यायचं हे कोठार ठरवत नाही, तुमचा पॉम (प्रोजेक्टला काय लागतं ते लिहिलेली फाइल) ठरवतो. पॉम तोच राहिला तर कोठार रिकामं करून पुन्हा भरलं तरी त्यात तोच माल येणार. एखादं जार (लायब्ररीची फाइल) अर्धवट उतरलं असेल किंवा खराब झालं असेल, तर उडवण्याला अर्थ आहे. आणि तेव्हासुद्धा त्या एका लायब्ररीचं फोल्डर उडवावं, अख्खं कोठार नाही.

आता 'बिल्ड सक्सेस, पण चालवलं की मेथड नाही' हे कसं? कंपाइलर तुमचा कोड तपासतो. पीओआयचा कोड तपासत नाही, कारण पीओआय तुमच्याकडे आधीच कंपाइल होऊन आलेली असते. ५.२.५ बनवणाऱ्यांनी ती कॉमन्स आयओ २.१५.० समोर ठेवून बनवली. त्यात ती बिल्डर मेथड आहे. तुमच्या क्लासपाथवर (जावा जिथून लायब्ऱ्या उचलतो ती यादी) मात्र त्याहून जुनी कॉमन्स आयओ बसलेली दिसते. जावाला हे कळतं पीओआय त्या मेथडला हाक मारते तेव्हा, म्हणजे तुम्ही बटण दाबल्यावर.

तेव्हा प्रश्न एकच. जुनी कॉमन्स आयओ आली कुठून? नेट आलं की हे चालवा (कुठली लायब्ररी कुणामागून आली त्याचं झाड छापून येतं) आणि इथे डकवा:

एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री -डीव्हर्बोज -डीइन्क्लूड्स=कॉमन्स-आयओ

व्हर्बोज विसरू नका. त्याच्याशिवाय फक्त जिंकलेलं व्हर्जन दिसतं, हरलेलं दिसत नाही. आपल्याला हरलेलं बघायचंय. आणि पॉममधला डिपेंडन्सीजचा, म्हणजे लागणाऱ्या लायब्ऱ्यांचा, भागही टाका.

तिठ्यावरचा | १० जून, सकाळी ९:०५

मी कणकवलीत, माझ्याकडे फायबर व्यवस्थित चालू आहे. माझ्या एम-टूमध्ये पीओआय ५.२.५ आहे, मेव्हनचे नेहमीचे प्लगइन आहेत. पेनड्राइव्हवर घालून दुपारच्या देवगड गाडीच्या कंडक्टरकडे देतो. स्टँडवर उभे राहा. पाकिटावर 'मेव्हन' लिहिलंय, कंडक्टरला ते औषध वाटलं तर समजून घ्या.

खाडीकाठ | १० जून, सायं. ५:४८

तिठ्यावरचे, दंडवत. पेनड्राइव्ह सुखरूप पोचला. गाडी शिरगावला अर्धा तास थांबली होती, झाड पडलं होतं म्हणे.

पण गंमत बघा. सगळं फोल्डर जागच्या जागी कॉपी केलं. जार डोळ्यांना दिसतायत. ऑफलाइन बिल्डसाठी -ओ दिलं. मेव्हन म्हणतो, सेंट्रलपर्यंत (मेव्हनचं मुख्य ऑनलाइन कोठार) ऑफलाइन पोचता येत नाही आणि हे जार आधी तिथून उतरवलेलं नाही. अरे, उतरवलेलं नाही काय, समोर पडलंय! साइज जुळते. पंधरा वेळा पाहिलं.

सुरंगी | १० जून, सायं. ६:२०

हे मी वेंगुर्ल्यात बसून दोन वेळा भोगलंय, म्हणून लगेच ओळखलं.

मेव्हन ३ पासून लोकल रेपोत प्रत्येक जारच्या शेजारी एक लहान फाइल असते, नाव _रिमोट.रेपॉजिटरीज. हे जार कुठल्या आयडीच्या रेपॉजिटरीतून आलं ते तिच्यात लिहिलेलं असतं. तिठ्यावरच्यांची सेटिंग्जची फाइल बघा, त्यांच्याकडे ऑफिसचा मिरर (सेंट्रलऐवजी वापरायचं कोठार) असणार आणि त्याला काहीतरी वेगळा आयडी असणार. तुमचा मेव्हन मागतोय 'सेंट्रल'वरून आलेलं. चिठ्ठीवर दुसरंच नाव, म्हणून त्याच्या लेखी हा माल तुमचा नाहीच. गावात नवीन माणूस आला की 'कुणाचो तू?' विचारतात, तसंच. माणूस समोर उभा आहे याला महत्त्व नाही, कुणाच्या घरचा ते सांग.

उपाय: पेनड्राइव्हवरून आणलेल्या फोल्डरात या नावाच्या सगळ्या फायली शोधून काढून टाका. फक्त त्या, जार किंवा पॉम नाही. चिठ्ठी नसली की मेव्हन जुन्या पद्धतीने वागतो, जार आहे ना, मग घेतो.

आणि पुढच्या वेळेसाठी, अख्खं एम-टू पाठवू नका. तिठ्यावरच्यांनी तुमचा प्रोजेक्ट घेऊन, मिररची सेटिंग बाजूला ठेवून, -डीमेव्हन.रेपो.लोकल ने एका रिकाम्या फोल्डरकडे बोट दाखवून एकदा पूर्ण बिल्ड करायचा. नेमकं लागतं तेवढंच त्या फोल्डरात जमतं. डिपेंडन्सी:गो-ऑफलाइन (सगळं आधीच उतरवून ठेवणारी आज्ञा) वर विसंबू नका. टेस्ट चालवणारा शुअरफायर प्लगइन आपला प्रोव्हायडर ऐन वेळी मागवतो, तो त्यात निसटतो. टेस्टसकट व्हेरिफाय चालवलेला बरा.

तिठ्यावरचा | १० जून, सायं. ६:३१

बरोबर ओळखलंत, ऑफिसचा मिरर आहे. चूक माझी. पण पेनड्राइव्ह परत पाठवताना मोकळा नको हां.

खाडीकाठ | १० जून, रात्री ९:१५

चालला! चिठ्ठ्या फाडल्या आणि ऑफलाइन बिल्ड झाला. नशिबाने ट्रीचा प्लगइनही पेनड्राइव्हमध्ये होता. हे घ्या, बाकीच्या ओळी गाळल्यात:

+- कॉमन्स-फाइलअपलोड : १.५
|  \- कॉमन्स-आयओ : २.११.०
\- पीओआय-ओओएक्सएमएल : ५.२.५
   \- (कॉमन्स-आयओ : २.१५.० - ओमिटेड फॉर कॉन्फ्लिक्ट विथ २.११.०)

फाइलअपलोड पट्टीचे फोटो चढवायला लागतं. पण ते गेल्या वर्षीही होतं, याच व्हर्जनचं. तेव्हा एक्सेल निघत होतं. हेच मला कळत नाही.

रातांबा | १० जून, रात्री ९:४०

कंसातली ओळ म्हणजे तुमचा चोर, पीओआयने मागितलेली २.१५.० तिथे गाळली गेलीय. आता खरं सांगा. पॉममध्ये काहीच बदललं नाही? काहीच?

खाडीकाठ | १० जून, रात्री ९:५२

व्हर्जन नाही बदललं, शपथ. मे अखेरीस आंबा उतरवून झाला, एक दुपार मोकळी होती, म्हणून पॉम जरा आवरला. इंडेंटेशन नीट केलं, डिपेंडन्सीज अकारविल्हे लावल्या. बस.

रातांबा | १० जून, रात्री १०:०८

हात्तिच्या! सापडलं.

मेव्हनचा नियम असा आहे: एकाच लायब्ररीची दोन व्हर्जनं मागितली गेली तर नवीन कुठलं हे तो बघत नाही. झाडात तुमच्या प्रोजेक्टच्या जवळ कुठलं हे बघतो. मुळाशी जवळ असेल तो जिंकला. तुमच्याकडे दोन्ही कॉमन्स आयओ सारख्याच अंतरावर आहेत. एक फाइलअपलोडच्या मागून, एक पीओआयच्या मागून, दोघांच्या मध्ये एकच पायरी. मग बरोबरी कशी सोडवायची? पॉममध्ये जी डिपेंडन्सी आधी लिहिली, तिची फांदी जिंकते. हा पहिल्याचा मान मेव्हन २.०.९ पासून आहे.

गेल्या वर्षी तुमच्या पॉममध्ये पीओआय वर होती, तिची २.१५.० जिंकली. तुम्ही इंग्रजी अक्षरक्रमाने लावलंत, 'सी'चं कॉमन्स-फाइलअपलोड 'पी'च्या पीओआयच्या वर आलं आणि २.११.० गादीवर बसली. त्या व्हर्जनमध्ये तुमची बिल्डर मेथड नाही. नुसत्या ओळी वरखाली केल्यात आणि प्रोग्राम बदलला. बघायला गिट डिफ (काय बदललं ते दाखवणारं) स्वच्छ, एकही आकडा हललेला नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मी एका ठिकाणी असाच पूर्ण आठवडा घालवलाय, तिथे तर आवरायचं काम माणूसही करत नव्हता, पॉम सॉर्ट करणारा प्लगइन दर कमिटला करत होता.

आणि एक्सेल तुम्ही जूनमध्येच काढता, म्हणून मे महिन्यातली चूक आज उघडी पडली.

जुनाखलाशी | १० जून, रात्री १०:१५

आवरूक गेलो आणि घर उलट्या केल्यान. माझ्या सुनेची तक्रार पण हीच आसा माझ्याबद्दल.

गुहागरी | १० जून, रात्री १०:३०

अवांतर होईल, पण म्हणूनच मी चार वर्षांपूर्वी ग्रेडलवर (मेव्हनसारखंच दुसरं साधन) गेलो. ग्रेडल ओळींचा क्रम बघत नाही, सगळ्यात वरचं व्हर्जन घेतो. तुमच्या जागी मी असतो तर आपोआप २.१५.० मिळालं असतं आणि हा धागाच निघाला नसता. कुठलं व्हर्जन का आलं हे बघायला डिपेंडन्सी-इनसाइट आहे, एकाच लायब्ररीची कुंडली मांडून देतो.

सुरंगी | १० जून, रात्री १०:५५

गुहागरी, इनसाइटबद्दल +१, ते खरंच छान आहे. पण 'सगळ्यात वरचं' म्हणजे 'बरोबर' असं समजू नका. योगायोग बघा, याच कॉमन्स आयओची सेंट्रलवर एक आवृत्ती आहे जिचं व्हर्जन २००३०२०३.०००५५० आहे. तारीख आहे ती, ३ फेब्रुवारी २००३. तेव्हा व्हर्जनच्या जागी तारीख घालायची पद्धत होती. मशीनच्या हिशोबाने दोन कोटींच्या वरचा आकडा दोनपेक्षा मोठाच! एखाद्या जुन्या लायब्ररीने ती मागितली तर तुमच्या ग्रेडलच्या पंक्तीत वीस वर्षांहून जुनी कॉमन्स आयओ यजमान होऊन बसेल. मेव्हनमध्ये 'सगळं लेटेस्ट करा' म्हणणारे लोकही इथेच आपटतात.

गुआव्हा लायब्ररीचंही तसंच. एकाच आकड्याची -जेआरई आणि -अँड्रॉइड अशी दोन भावंडं. वरचं-खालचं ठरवताना शेपटीची अक्षरं मध्ये येतात.

गुहागरी | १० जून, रात्री ११:०२

२००३ वालं माहीत नव्हतं. टोपी काढली. (ग्रेडल सोडणार नाही.)

कोकमसरबत | ११ जून, सकाळी ७:२०

रात्रभरात एवढं झालं होय. मग उपाय काय ठरला? मी असतो तर पीओआय परत वर नेली असती, दोन सेकंदांचं काम.

रातांबा | ११ जून, सकाळी ८:०५

चालेल, पण पुढच्या मे महिन्यात ते पुन्हा आवरतील. क्रमावर विसंबलेला पॉम म्हणजे वाऱ्यावर ठेवलेला कागद.

दुसरा मार्ग, कॉमन्स आयओ २.१५.० थेट आपल्या डिपेंडन्सीजमध्ये लिहायची. सगळ्यात जवळची म्हणून ती जिंकते. चालतं, पण वाचणाऱ्याला वाटतं की तुमचा कोड कॉमन्स आयओ वापरतो. दोन वर्षांनी पीओआय आणि फाइलअपलोड दोघांनी ती सोडली तरी तुमच्या जारमध्ये ती कायम राहील, का आहे ते कुणाला आठवणार नाही.

तिसरा, फाइलअपलोडवर एक्सक्लूजन, म्हणजे तिच्यामागून येणारी कॉमन्स आयओ वगळायची. एका ठिकाणी ठीक. पण उद्या तिसरी लायब्ररी आली की तिथेही लिहा, चौथी आली की तिथेही. मी एक्सक्लूजन फक्त तेव्हा वापरतो जेव्हा ती वस्तू मुळीच नको असते.

तुमच्यासाठी डिपेंडन्सी-मॅनेजमेंट. तिथे कॉमन्स-आयओ २.१५.० एकदा लिहा. त्या विभागात लिहिल्याने लायब्ररी आत येत नाही. फक्त, कुणाच्याही मागून, कितीही खोलवरून ती आली तर या व्हर्जनने यावी एवढं ठरतं. अंतर, क्रम सगळं बाजूला. आणि वर एक कॉमेंट लिहा: पीओआयला बिल्डर मेथड लागते म्हणून. पुढचा माणूस तुम्हाला दुवा देईल. पुढचा माणूस बहुतेक तुम्हीच असाल.

फाइलअपलोड १.५ ला नवीन आयओ चालेल का, तर चालायला हवं, कॉमन्सवाले मागची बाजू सहसा मोडत नाहीत. पण फोटो चढवून एकदा बघाच.

सुरंगी | ११ जून, सकाळी ८:४०

वरच्याला जोड: एन्फोर्सर प्लगइन लावून घ्या. त्यात दोन नियम आहेत. डिपेंडन्सी-कन्व्हर्जन्स फार कडक, दोन व्हर्जनं जरा वेगळी दिसली की बिल्ड अडवतो. मोठ्या प्रोजेक्टात लोक वैतागून बंद करतात. रिक्वायर-अप्पर-बाउंड-डेप्स शहाणा आहे. निवडलेलं व्हर्जन कुणीतरी मागितलेल्यापेक्षा खालचं असेल तरच अडवतो. तुमचा घोटाळा त्याने मे महिन्यातच पकडला असता.

खाडीकाठ | ११ जून, दुपारी १:२५

मॅनेजमेंटमध्ये घातलं. ट्री पुन्हा काढली, दोन्ही फांद्यांवर २.१५.०. आणि एक्सेल निघालं!! फोटोही चढतो. खात्रीसाठी जावा -व्हर्बोज:क्लास देऊन चालवलं, तो क्लास नेमका कुठल्या जारमधून उचलला ते तिथे छापून येतं. २.१५.० चंच नाव आलं. दोन दिवसांत पहिल्यांदा नीट जेवलो.

एन्फोर्सर लावायला गेलो तर तो पेनड्राइव्हमध्ये नाही. ऑफलाइन आहे म्हणून बिल्ड अडला. तूर्त पॉममधून काढलाय. नेट आलं की बघतो.

तिठ्यावरचा | ११ जून, दुपारी १:३०

पुढच्या गाडीने पाठवू?

खाडीकाठ | ११ जून, दुपारी १:३३

नको हो, कंडक्टर आता मला ओळखायला लागलाय.

खाडीकाठ | १३ जून, रात्री ८:१०

नेट आलं. एन्फोर्सर लावला, अप्पर-बाउंडचा नियम. बिल्ड पास. मग मुद्दाम मॅनेजमेंटची ओळ कॉमेंट करून पाहिली. लगेच अडला, आणि दोन्ही वाटा छापून दाखवल्या, कोण किती मागतोय ते. ओळ परत घातली. एक टेस्टही लिहिली, काही नाही, रिकामं वर्कबुक उघडून एक सेल भरते आणि सेव्ह करते. ती असती तर मे मधल्या त्या दुपारीच कळलं असतं.

काकांना फाइल दिली. लॅपटॉपवर उघडून दाखवली. त्यांनी चष्मा लावला, खिशातली वही काढली, बोट ठेवत खाली आले आणि म्हणाले, "एप्रिलच्या चौदा तारखेक बावीस नाय, तेवीस पेटी गेली." मी म्हटलं, बघतो. बघितलं. मीच बावीस टाइप केलं होतं.

जुनाखलाशी | १३ जून, रात्री ८:२२

तेका म्हणतत एन्फोर्सर.